सुनंदाबाईंचा वर्तमानकाळ

सुनंदा इंग्रजी शिकवायची आणि मी, सरला, गणित. पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये एक पातळ कुडाची भिंत होती. तिच्यातून पलीकडचं सगळं ऐकू यायचं, त्यामुळे माझ्या मुली त्रैराशिक सोडवता सोडवता इंग्रजीच जास्त शिकल्या. मीही तशीच शिकले, नाहीतर माझ्या इंग्रजीचा आनंदच होता.

मुली तिला सुनंदाबाई म्हणत. ती फळ्यावर जोडीजोडीनं वाक्यं लिहायची. वर 'माय फादर इज अ तहसीलदार' आणि खाली 'माय फादर वॉज अ तहसीलदार'. मग विचारायची, दोन्हींत फरक काय? एखादी मुलगी हमखास सांगायची, "बाई, खालच्यातला बाप मेला." सुनंदा कपाळाला हात लावायची.

"मेला कायले? पेन्शनीत गेला असंल. नोकरी सोडून संत्र्याचा बगीचा करून राहिला असंल. 'वॉज'चा अर्थ एवढाच, की आज तसं नाही. आणि 'इज' लिहायचं तर आज तसं आहे, हे आपल्याले माहीत पाहिजे. ऐकीव चालत नाही."

पुस्तकातली वाक्यं तिला बेचव वाटायची. लंडनचा पूल आमच्या मुलींनी कधी पाहिला होता? म्हणून ती गावातलीच माणसं फळ्यावर आणायची. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या साली गावचे मालगुजार रामाजी यांच्या नातीनं 'माय ग्रँडफादर वॉज अ मालगुजार' असं लिहिलं आणि घरी जाऊन मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी रामाजी काठी आपटत शाळेत हजर. मी अजून जिता आहे, म्हणून भांडायला. सुनंदानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माणूस आहे पण मालगुजारी नाही, हे दोन वाक्यांत समजावून सांगितलं. पहिल्या वाक्यावर ते खूश झाले, दुसऱ्याचं दुःख तेवढं घेऊन घरी गेले.

अशी ही काटेकोर बाई. पण तिच्या स्वतःच्या नवऱ्याबद्दल कोणता काळ वापरायचा, हे अख्ख्या पांढुर्ण्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

सुनंदा मूळची सौंसरची. पुंडलिकरावांच्या घरात ती मोठी सून म्हणून आली. त्यांचा कापसाचा व्यापार होता, तिगावच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा होता, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा मोरेश्वर मॅट्रिक झालेला, दिसायला उमदा, पण दुकानात त्याचं मन लागेना. तेव्हा लढाई चालू होती. लग्नाचं नवेपण संपायच्या आत तो फौजेच्या रसद खात्यात कारकून म्हणून लागला आणि गेला. कलकत्त्याहून एक कार्ड आलं, की आता ब्रह्मदेशाकडे जायचं आहे. त्यानंतर काही नाही.

लढाई संपली. गेलेले काही परत आले, काहींच्या घरी तार आली. मोरेश्वर आला नाही आणि तारही आली नाही. त्याच्या आईनं, कलाबाईंनी, जामसांवलीच्या मारुतीला शनिवारांमागून शनिवार केले. फौजेकडे विचारलं तर मेलेल्यांत हे नाव नाही असं कळलं. मग जिवंतांत आहे का, याचं उत्तर कोणी दिलं नाही. देश स्वतंत्र झाला, चौकात झेंडा लागला, आणि त्याच वर्षी सुनंदा सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, मी शिकते." पुंडलिकराव भला माणूस. त्यांनी गावाची तोंडं गप्प केली आणि तिला शिकवलं. ती मॅट्रिक झाली, शाळेत लागली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाला तिचा मान पहिला.

एकदा इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला आले. तिचा वर्ग पाहून खूश झाले आणि जाता जाता इंग्रजीत विचारते झाले, "युवर हजबंड वॉज इन द आर्मी?" कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. सुनंदा म्हणाली, "इज, सर." साहेबांचा चेहरा पडला. ते हेडबाईंच्या खोलीत गेले ते चहा न घेताच निघाले.

मला तिचा राग यायचा. माझा स्वभाव मुळात तापट, आणि गणितवाल्या माणसाला अशी लोंबती उत्तरं खपत नाहीत. मी तिला म्हटलं, "काय वं सुनंदा, वर्गात एक शिकवतं आणि घरी दुसरंच करतं. 'इज'ले पुरावा लागते, असं तूच सांगतं ना?"

"लागते," ती म्हणाली. "पण 'वॉज'लेही लागते, सरला."

मी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

मग छप्पन साल उजाडलं आणि बारा वर्षं भरली. आपल्यात रीत आहे. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसेल तर तो गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दहावं-तेरावं उरकायचं. पुंडलिकरावांच्या मनात हे नव्हतं. पण कलाबाईंच्या स्वप्नात मोरेश्वर यायचा आणि पाणी मागायचा. रोज यायला लागला. त्या ओंजळ पुढे करायच्या आणि जाग यायची. भटजींनी सांगितलं, की जीव अडकला आहे, त्याला गती द्या. सुनंदानं पहिल्यांदा नाही म्हटलं. तेव्हा कलाबाई तिच्यापुढे बसल्या. मी तिथेच होते.

"सूनबाई, तुह्या कुंकवासाठी मी माह्या लेकाले तहानेला ठेवू काय?"

"आत्याबाई, मी त्यांना मेलेलं पाहिलं नाही."

"मीबी नाही पाहिलं. पण जितं तरी कुठी पाहून राहिलो आपण?"

सुनंदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तोच तिचा होकार. सासूच्या डोळ्यातलं पाणी तिला बघवलं नाही, दुसरं कारण नव्हतं.

चैत्रात जाम नदीच्या काठी ते झालं. पळसाची पानं दर्भानं बांधून हात केले, पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पानं कोवळी होती, जळेनात, नुसता धूर. पुंडलिकराव त्या पानांना 'बाबू, बाबू' म्हणून हाका मारत होते. बायकांनी सुनंदाला दगडापाशी नेलं आणि तिच्या बांगड्या फोडल्या. पानांचा माणूस होता तो, बांगड्या मात्र खऱ्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. ती रडली नाही. एकेक बाई तिच्या अंगावर पडून रडली आणि ती त्यांना थोपटत राहिली. हे उलटं चाललं आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पांढऱ्या कपाळानं ती वर्गात शिरली तेव्हा मुली उभ्या राहिल्या आणि बसायचं विसरल्या. तिनंच त्यांना बसवलं. त्या दिवशी भिंतीपलीकडून मला फक्त खडूचा आवाज आला. पुढे एका नव्या बाईंनी मधल्या सुट्टीत तिला मिस्टर काय करतात म्हणून विचारलं. "फौजेत होते," सुनंदा म्हणाली. 'होते' म्हटलं आणि ती पाणी प्यायला उठली.

त्या वर्षी सगळ्याच गोष्टींचा काळ बदलायला निघाला होता. नागपूर राजधानी असलेलं आमचं राज्य मोडणार, नागपूर मुंबईकडे जाणार आणि आम्ही मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसरवाले भोपाळच्या राज्यात राहणार, असं ठरलं. ज्या नागपूरला आमचा बाजार, आमची कोर्टं, आमच्या लेकी दिलेल्या, ते एकाएकी परक्या राज्यात. आम्हाला कोणी विचारलं नाही. भूगोलाच्या पुस्तकात राजधानी नागपूर असं छापलेलं होतं. एक मुलगी सुनंदाला म्हणाली, "बाई, नागपूर इज लिहू का वॉज?" सुनंदा म्हणाली, "एक नोव्हेंबरपर्यंत इज." कोणी हसलं नाही.

दिवाळी तोंडावर आली तशा नागपूरहून भोपाळकडे गाड्या जायला लागल्या. तिथल्या कचेऱ्यांतल्या कितीतरी कारकुनांची नावं भोपाळसाठी निघाली होती. त्यांच्या बायका, पोरं, ट्रंका, शिवणयंत्रं, तुळशीच्या कुंड्या, सगळं डब्यांत भरून चाललं होतं. ऐन दिवाळीत घर सोडून चाललेली माणसं आपल्या स्टेशनावरून उपाशी कशी जाऊ द्यायची? आमच्या गावानं ठरवलं, की प्रत्येक खिडकीत फराळाचा पुडा द्यायचा. कोणी चिवडा केला, कोणी शंकरपाळे, कोणी संत्र्यांची टोपली आणली. आम्ही मास्तरणी पुडे वाटायला उभ्या राहिलो.

दुपारची गाडी होती. सुनंदा माझ्या पुढे पुड्यांची टोपली घेऊन, मी तिच्यामागे संत्र्यांची धरून. ती पुडा द्यायची, "घ्या, दिवाळीचं आहे," म्हणायची आणि पुढच्या खिडकीशी जायची. एका खिडकीत एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती, पलीकडे एक मुलगी झोपली होती. पुडा घ्यायला त्या बाईचा नवरा पुढे वाकला. चष्मा, कानशिलावर पांढरे केस, अंगानं सुटलेला. त्यानं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

मी त्याला लगेच ओळखलं नाही. सुनंदानं ओळखलं. पुडा तिच्या हातात, हात खिडकीत, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली, मनगटांवर गेली. त्याचा चेहरा खरंच कळवळला. हे मला आजही सहन होत नाही. त्या माणसानं अगदी मनापासून, घरच्या माणसासारखं विचारलं,

"सुनंदा, कोण गेलं?"

ती म्हणाली, "तुम्ही."

माझ्या हातून टोपली पडली. संत्री फलाटावर घरंगळली, लोक ती वेचायला धावले. आतली बाई नवऱ्याला विचारत होती, "कोण आहेत या?" सुनंदानं पुडा त्या बाईच्या हातात दिला, "घ्या, दिवाळीचं आहे," म्हणाली आणि पुढच्या खिडकीकडे गेली. गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत ती पुडे वाटत गेली. गाडी हलली. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत होता, आणि ही पाठमोरी उभी राहून रिकामी टोपली झटकत होती. मी तिला घरी नेलं असं लोक सांगतात, पण खरं म्हणजे तिनंच मला धरून नेलं.

ओसरीवर पुंडलिकराव बसले होते. सुनंदा उभ्या उभ्याच म्हणाली, "मामाजी, तुमचे चिरंजीव आहेत. आत्ता भोपाळच्या गाडीत दिसले. त्यांच्यासोबत बायको आहे, दोन लेकरं आहेत."

पुंडलिकराव आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. आतून कलाबाई आल्या. त्यांनी ऐकलं आणि त्या जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. रात्रीच्या स्वयंपाकाला कोणी उठलं नाही.

धाकटा मुलगा सुरेश भोपाळला गेला आणि कचेऱ्या धुंडाळून त्याला घेऊन आला. मार्गशीर्ष लागला होता. मोरेश्वर एकटाच आला आणि बाहेरच्या खोलीत बसला, कारण भटजींनी त्याला आत घ्यायला मनाई केली होती. त्यानं सगळं सांगितलं. ब्रह्मदेशात तो कधी गेलाच नव्हता. कलकत्त्याला बॉम्ब पडायची अफवा उठली, हा नोकरी टाकून पळाला, तो थेट रायपूरला. पळपुटा म्हणतील म्हणून घरी यायची भीती वाटली. तिथेच कचेरीत चिकटला, घरमालकाच्या मुलीशी, विजयमालेशी, लग्न केलं. लग्न झालेलं नाही असं सांगून केलं. आमच्याकडची माणसं रायपूरकडे कशाला जातात? गेल्या वर्षी नागपूरला बदली झाली तेव्हा तो घराबाहेर पडायला घाबरायचा.

"पयले भीती होती," तो म्हणाला. "मग भीती गेली, लाज राहिली. मग लाजही गेली, सवय होऊन गेली."

मला वाटलं, आता कोणीतरी याच्या थोबाडीत मारेल. कोणी मारली नाही. फक्त कलाबाईंनी उंबरठ्यावरून विचारलं, "बाबू, मी स्वप्नात ओंजळ धरून उभी राहात होती, तवा तू जेवून निजून राहत होता काय?" ती माउली पदरात तोंड घालून आत निघून गेली.

आता प्रश्न पडला, की याला घरात घ्यायचं कसं? ज्याला अग्नी दिला तो माणूस शास्त्राप्रमाणे मेलेला. भटजींनी त्याच्यावरही उपाय काढला. तो पुन्हा जन्माला आला पाहिजे. मग त्याचं बारसं करायचं, नाव ठेवायचं, एकेक संस्कार उरकत यायचं आणि शेवटी त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे सुनंदाचं कुंकू परत. पुंडलिकरावांना केवढा आनंद झाला. सून आपली, मुलगा आपला, दोन्ही जागच्या जागी. भोपाळच्या बायकोची हरकत नाही, असंही मोरेश्वरानं सांगितलं. तिला कोणी विचारलं होतं, देव जाणे.

सुनंदाला मी विचारलं, "काय करतं आता?" ती म्हणाली, "पाहू दे." रोज शाळेत यायची, शिकवायची. फळ्यावर वाक्यं लिहायची, पण गावातल्या माणसांची नाही, पुस्तकातलीच. टॉम आणि त्याचं कुत्रं.

मग तो दिवस आला. अंगणात मोठं घंगाळ ठेवलं, त्यात पाणी आणि तूप. चाळिशीला आलेला तो गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून, डोळे मिटून त्यात बसला. पोटातलं मूल जसं असतं तसं बसायचं, बोलायचं नाही. भटजींनी मंत्र म्हटले. त्याला बाहेर काढलं, न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं. कलाबाईंनी त्याच्या जिभेला मध लावला. मध हनुवटीवर ओघळला. पाळणा टांगलेला होता, त्यात तो मावणार नव्हता, म्हणून नुसता हात लावून हलवला. बायकांनी कानात 'मोरेश्वर' म्हणून नाव सांगितलं, पाठीवर धपाटे घातले. काही तोंडाला पदर लावून हसत होत्या, काही रडत होत्या. मी दोन्ही करत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे जे चाललं होतं ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

दुपार कलली तोवर बाकीचे संस्कारही झाले. भटजींनी अंतरपाट झटकला. पुंडलिकरावांनी कुंकवाचा करंडा उचलला आणि सुनंदापुढे धरला. ती सगळा वेळ दारात उभी होती, शाळेत घालायचं तेच पातळ नेसून.

"घे सूनबाई," ते म्हणाले. "देवानं पोरगा वापस देला. झालं गेलं गंगेले मिळालं. तुह्या मनातलं बी होऊन राहिलं ना आता?"

मोरेश्वर मुंडावळ्या बांधून पाटावर उभा होता. मला वाटलं, ती घेईल. बारा वर्षं जिनं 'आहेत' म्हणून कपाळ राखलं, तिनं का घेऊ नये? मनात मी तिला शिव्याही द्यायला सुरुवात केली होती.

सुनंदानं सासऱ्यांच्या हातातला करंडा दोन्ही हातांनी घेतला, त्याचं झाकण नीट लावलं आणि परत त्यांच्या हातात दिला. मग वाकून पाया पडली.

"मामाजी, लेकरू झालं, लई चांगलं झालं. तुमच्या घराले वारस भेटला. तुम्ही आणि आत्याबाई त्याले वाढवा, मी नाही म्हणत नाही. पण आज सकाळी जल्मलेल्या लेकराशी मी लगन कसं करू?"

भटजी काही सांगायला पुढे झाले. तिनं त्यांना थांबवलं नाही, त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"आणि मले वेळही नाही, मामाजी," ती म्हणाली. "चैत्रात माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध आहे."

मोरेश्वर मुंडावळ्या सोडून त्याच संध्याकाळच्या गाडीनं भोपाळला गेला. पुंडलिकराव त्याला पोचवायला स्टेशनापर्यंत गेले.

चैत्रात सुनंदानं वर्षश्राद्ध घातलं. आमच्या भटजींनी यायला नकार दिला, म्हणून सौंसरहून भटजी बोलावले. जिवंत माणसाचं श्राद्ध म्हणून गावातलं कोणी जेवायला आलं नाही. मी पहाटेच गेले, म्हटलं हिला स्वयंपाकाला हात लागेल. चूल आधीच पेटलेली होती. चुलीपुढे कलाबाई बसल्या होत्या आणि पिंडाचा भात शिजवत होत्या.